चावी खिशात, तरी गाडी अनोळखी
वाचकांचे प्रश्न : वाहन सल्ला

या वेळी चावीच्याच तक्रारी इतक्या आल्या की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

बटण-स्टार्टची हॅचबॅक आहे. आठवड्यातून दोन-तीनदा डॅशबोर्डवर ‘की नॉट डिटेक्टेड’ असं येतं. चावीवरच्या बटणाने दारं मात्र लांबूनही उघडतात. सेल नवा आहे. वर्कशॉपवाले म्हणतात, दोन्ही चाव्या बदला. बदलू का?
– एक वाचक, नाशिक

एवढ्यात नको. अर्धं निदान तुमच्या पत्रातच आहे.

तुमच्या हातातली चावी दिसते एक, पण तिच्यात तीन वेगवेगळी कामं चालतात. बटण दाबलं की ती ४३३.९२ मेगाहर्ट्झवर एक सांकेतिक क्रमांक पाठवते आणि गाडी कुलूप उघडते. हे पहिलं काम, आणि ते तुमच्याकडे ठणठणीत आहे. दुसरं काम बटण न दाबता होतं. तुम्ही स्टार्ट बटण दाबता तेव्हा गाडी आधी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास (काही गाड्यांत १३४.२) हाक मारते, चावी ती ऐकून जागी होते आणि मग ४३३ वर उत्तर देते. ही हाक जेमतेम मीटर-दीड मीटर पोचते. तिसरं काम चिपचं. ती चोरीविरोधी यंत्रणेला, म्हणजे इमोबिलायझरला, ओळख पटवते आणि तिला सेलची गरजच लागत नाही. तुमच्या चावीला उत्तर देता येतं, हे दारं उघडतात त्यावरून कळलं. कधीकधी तिला हाकच ऐकू येत नाही. शोध तिथे घ्यायचा.

सुरुवात चावी ठेवण्याच्या जागेपासून करा. मोबाइलला चिकटून, लॅपटॉपच्या बॅगेत, नाण्यांच्या कप्प्यात किंवा वायरलेस चार्जिंगच्या पॅडशेजारी ती असते का? वायरलेस चार्जर साधारण १०० ते २०५ किलोहर्ट्झमध्ये चालतो. गाडीची हाक नेमकी त्याच पट्ट्यात येते आणि त्या गोंगाटात बुडते. मग १२ व्होल्टच्या सॉकेटमधलं सगळं काढा. स्वस्तातला मोबाइल चार्जर, डॅशकॅमचा अडॅप्टर, नंतर बसवलेले रंगीत एलईडी पट्टे, हे सगळे याच पट्ट्यात कचरा सोडतात. चार-पाच दिवस गाडी अशी ‘रिकामी’ चालवा. संदेश बंद झाला तर एकेक वस्तू परत लावत जा, दोषी आपोआप सापडेल.

फरक पडला नाही तर चावी पुढच्या कन्सोलवर ठेवा. एकदा आडवी, एकदा उभी, एकदा कुशीवर, आणि दर वेळी स्टार्ट करून बघा. हाक कोणत्याही बाजूने आली तरी ऐकू यावी म्हणून चावीत तीन दिशांना तोंड केलेली तारेची वेटोळी असतात. चावी फरशीवर आपटली की त्यातल्या एखाद्याचा टाका निखळतो आणि चावी एकाच बाजूने बहिरी होते. एका स्थितीत हमखास चालते आणि दुसऱ्या स्थितीत हमखास नाही, असं आढळलं तर दोष चावीतच आहे.

शेवटी कपाटातली दुसरी चावी काढा. पहिली घरी ठेवून आठवडाभर दुसरीवरच गाडी चालवा. दुसरी व्यवस्थित चालली तर पहिली दुरुस्त करा किंवा बदला, तीही एकटीच. दुसरीही तशीच अडखळली तर मात्र दोन्ही चाव्या निर्दोष धरा. दोन चाव्या एकाच आठवड्यात सारख्याच पद्धतीने बिघडणं जवळपास अशक्य आहे. मग गाडीतले हाक मारणारे अँटेने तपासायला सांगा. ते बहुधा पुढच्या कन्सोलखाली, मागच्या सीटखाली किंवा डिकीजवळ आणि दाराच्या हँडलमध्ये असतात. अँटेना तुटला असेल तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर तसा कोड येतो. कोड न बघता कुणी जोडीने चाव्या बदलायला सांगत असेल, तर आधी कोड दाखवा म्हणा.

चावीचा सेल कालच बदलला. दुकानदाराने समोर टाकून दिला. तरी काहीच होत नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

आधी सेलवरचा आकडा वाचा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ ची जाडी २.५, सीआर २०१६ ची १.६. तिन्ही ३ व्होल्टचे आणि वरून बघताना सारखेच दिसणारे. जाडीऐवजी नुसता गोल बघून सेल टाकणारे दुकानदार पुष्कळ. २०३२ च्या जागी २०२५ टाकला की तो आत खुळखुळतो, आणि चावी हलवली की चालते, ठेवली की बंद. तिथे कागदाची घडी घालू नका, बरोबर मापाचा सेल आणा.

आकडा बरोबर असेल तर सेल उलटा बसलाय का ते बघा. बऱ्याच चाव्यांत अधिकची बाजू खाली, सर्किटच्या बाजूला जाते. काही नव्या सेलवर पारदर्शक चकती चिकटवलेली असते, ती तशीच राहून जाते. शिवाय लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलच्या पृष्ठभागाला कडू लेप देतात. चावीची पत्र्याची जीभ नेमकी त्या लेपावर टेकली तर वीज जात नाही. मऊ फडक्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही बाजू पुसा आणि नंतर सेल कडेनेच धरा. बोटांचा तेलकटपणाही नडतो. जीभ दबून सपाट झाली असेल तर लाकडी काडीने हलकेच वर उचला, चिमट्याने ओढू नका.

नवा सेल नवाच असेल याचीही खात्री नसते. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दाखवतो आणि काम पडलं की बसतो. म्हणून मोजताना ३३० ओहमचा रेझिस्टर सेलला समांतर धरा. त्यातून साधारण ९ मिलिअँपिअर वाहतात. दोन-तीन सेकंदांत आकडा २.६ च्या खाली घसरला तर सेल परत करा. आणि जुना सेल घरात उघड्यावर टाकू नका. गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिका भाजते.

मी गाडी चालू करून उतरलो, चावी माझ्याच खिशात राहिली आणि पत्नी गाडी घेऊन निघून गेली. वाटेत गाडी बंद पडेल का?
– एक वाचक, वसई

नाही. चालू इंजिन चावी दूर गेली म्हणून बंद होत नाही, सुरक्षेसाठी ते मुद्दाम तसंच केलेलं असतं. पिपाणी वाजेल, संदेश येईल. पण इंजिन बंद केलं की चावीशिवाय पुन्हा चालू होणार नाही. तेव्हा फोन करून एवढंच सांगा: पेट्रोल पंपावर जाऊ नकोस, सरळ परत ये.

पावसात चावी चिंब भिजली, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली. आता बटणं मेली आहेत, पण गाडी चालू होते. हे कसं?
– एक वाचक, चिपळूण

इमोबिलायझरची चिप प्लास्टिकात बंद असते, तिला पाणी लागत नाही आणि सेलही लागत नाही. म्हणून गाडी चालू होते. बटणांचं सर्किट उघडं असतं, ते गेलं. तांदळाने ओलावा ओढला जातो हा समज काही केल्या जात नाही. उलट त्या दोन दिवसांत सेल आत असेल तर नुकसान वाढलं असणार. ओल आणि वीज एकत्र आली की तांब्याच्या रेषा हिरव्या पडून खाल्ल्या जातात. चावी भिजल्याबरोबर बटण दाबून ‘चालते का’ बघायचं नाही, आधी सेल काढायचा.

आताही वाचण्याची शक्यता आहे. चावीची खाच नाण्याने किंवा चपट्या स्क्रूड्रायव्हरने उघडा. स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळा, नाहीतर कडा फुटतात. सर्किट बाहेर काढा, रबराची बटणपट्टी वेगळी करा. पुराचं गढूळ किंवा समुद्राचं खारं पाणी लागलं असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटरने खळबळा, कारण मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश घेऊन दोन्ही बाजू घासा, विशेषतः सेलच्या जिभा आणि बटणांच्या कडा. हिरवा थर दिसेनासा होईपर्यंत घासायचं. पेट्रोल आणि थिनर वापरू नका, प्लास्टिक विरघळतं. गंज सोडवायचा फवाराही नको, त्याचा तेलकट पापुद्रा मागे राहतो. पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळवा. हेअर ड्रायरच्या झोताने रबर वाकडं होतं. मग नवा सेल टाका, जुना कितीही चांगला वाटला तरी.

तरीही एखादंच बटण मेलेलं राहिलं तर त्याखालचा बारीक स्विच गेलाय. मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर तो बदलून देतो. हे काम शोरूममध्ये सहसा करत नाहीत, ते थेट नवी चावी देतात.

चावीचं कव्हर फुटलं होतं म्हणून रस्त्यावरच्या दुकानातून नवं बसवलं. आता सेंट्रल लॉक चालतं, पण इंजिन एक-दोन सेकंद चालून बंद पडतं. दुकानदार म्हणतो, पंप गेला.
– एक वाचक, पुणे

पंप नाही, चिप गेली. म्हणजे हरवली. पात्याची चावी फिरवून चालू होणाऱ्या बऱ्याच गाड्यांत इमोबिलायझरची चिप रिमोटच्या सर्किटवर नसते. ती कव्हरच्या कोपऱ्यात, पात्याच्या बुडाशी वेगळ्या खोबणीत दाबून बसवलेली असते. सुमारे १२ मिलिमीटर लांब, ६ रुंद, ३ जाड, काळा तुकडा. बघणाऱ्याला तो प्लास्टिकचाच भाग वाटतो. सर्किट नव्या कव्हरमध्ये गेलं, चिप जुन्यात राहिली. डॅशबोर्डवर गाडी-चावीचं चित्र लुकलुकत असेल तर शंकाच नको.

ताबडतोब त्या दुकानात जा आणि जुनं कव्हर मागा. कचऱ्यात गेलं असेल तर कचरा उपसा. चिप मिळाली तर नव्या कव्हरच्या त्याच खोबणीत बसवा, फार तर टोकाला गोंदाचा थेंब लावा. हातोडी, पक्कड लावू नका, तडा गेला की चिप संपली. मिळाली नाही तर नवी चिप आणून गाडीच्या मेंदूत नोंदवावी लागते आणि ते काम शेकड्यांत नाही, हजारांत जातं. पुढे कधी कव्हर बदललंत तर जुनं कव्हर घरी आणा. काही मॉडेलांत चिप सर्किटवरच असते, पण बसल्या जागी कुणाचं काय हे ओळखण्यापेक्षा जुनं कव्हर खिशात टाकणं सोपं.

तीन आठवडे गावाला होतो. परतलो तर दोन्ही चाव्यांना गाडी दाद देत नाही. पात्याने दार उघडलं, बटण दाबलं की ‘की नॉट डिटेक्टेड’ येतं आणि टक्-टक् आवाज होतो.
– एक वाचक, सोलापूर

चावीला दोष देऊ नका, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे. बॅटरी खचली की गाडीची हाकच क्षीण होते, आणि संदेश मात्र चावीच्या नावाने येतो. इंजिन बंद असताना बॅटरीच्या टोकांवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. गेला तर चार्ज करूनही ती फार दिवस टिकणार नाही.

जंप स्टार्ट करायचा असेल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी चालू करायची असेल, तर क्रम पाळा. लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला, काळी चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि शेवटचं काळं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हे वाचावं. मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तरी कुलूप, डॅशबोर्ड आणि चावीची यंत्रणा छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालते. त्या गाड्यांना केबल कुठे लावायची ते मात्र मालकाच्या पुस्तिकेतच बघा.

बॅटरी भरलेली निघाली तर आणखी दोन गोष्टी. बटण-स्टार्टला ब्रेकच्या पेडलचा स्विच लागतो, मॅन्युअल गाडीला क्लचचा. पेडल दाबल्यावर मागचे ब्रेक लाइट लागत नसतील तर स्विच किंवा फ्यूज गेला आहे. आणि स्टीअरिंग लॉकवर ताण बसला असेल तर स्टीअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत बटण दाबा.

चावीचा सेल रात्री वाटेत संपला तर? नवरा बोटीवर असतो, गाडी मी एकटी चालवते.
– एक वाचक, फोंडा

चावीच्या पोटात लोखंडी पातं असतं, बाजूची खिट्टी दाबून ते बाहेर येतं. ते ड्रायव्हरच्या दाराला लावा. दारावर कुलपाचं भोक दिसत नसेल तर हँडलच्या टोकाला टोपी असते, तिच्या खालच्या फटीत पात्याचं टोक घालून वर उचला. पात्याने उघडल्यावर अलार्म वाजू शकतो. घाबरू नका, चावी ओळखली गेली की तो थांबतो.

आता ब्रेक दाबून चावीच थेट स्टार्ट बटणाला टेकवा. बटणाभोवतीच्या वेटोळ्यातून चिपला वीज मिळते, सेल नसला तरी चालतं. टोयोटात चावीची बोधचिन्हाची बाजू टेकवतात, होंडात एच अक्षराची, मारुती सुझुकीत लॉक बटणाकडचं टोक. ह्युंदाई आणि किआत बहुधा चावीनेच बटण दाबतात. काही युरोपीय गाड्यांत जागा स्टीअरिंगच्या दांड्याच्या आवरणाजवळ असते, काहींत कन्सोलच्या खणात. हे सगळं अंधारात शोधत बसू नका. उद्याच दिवसाउजेडी सेल काढून ठेवा आणि दार उघडण्यापासून इंजिन चालू होईपर्यंत एकदा करून बघा. भोकात पाणी-धूळ बसून पातं फिरतच नाही, हेही अशाच वेळी कळतं. ग्रॅफाइटची पूड मारली की सुटतं. एक सीलबंद सेल पर्समध्ये असू द्या, शंभर रुपयांच्या आत येतो.

आमच्या सोसायटीच्या तळघरात एकाच जागी गाडी चावी ओळखत नाही. शेजारच्या खांबापाशी ओळखते.
– एक वाचक, ठाणे

त्या जागेच्या डोक्यावरची ट्यूब किंवा एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारी डबी) बघा, नाहीतर गेटच्या रिमोटचा रिसीव्हर, वायफायचा डबा, इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर. दिवा बंद करून तपासा. तोवर चावी स्टार्ट बटणाला टेकवून काम चालवा. दुरुस्ती गाडीची नाही, दिव्याची आहे.

सेल दोन महिन्यांत संपतो. चार वेळा बदलला.
– एक वाचक, पनवेल

चावी घरात कुठे टांगता? गाडी भिंतीपलीकडेच उभी असेल आणि चावी तिच्या अगदी जवळ, तर काही गाड्यांत दोघींचं रात्रभर बोलणं चालू राहतं. टीव्ही, कॉम्प्युटर, टेबल लॅम्प, मोबाइल चार्जर आणि इंडक्शन शेगडीजवळ ठेवलेली चावीही त्यांच्या लहरींनी सारखी जागी होते. किमान एक मीटर लांब ठेवा. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा उत्तम, त्याने दुरून हाक लांबवून गाडी चोरण्याची युक्तीही अडते. टोयोटाच्या अनेक स्मार्ट चाव्यांत झोपवण्याची सोय आहे: लॉक दाबून धरायचं आणि अनलॉक दोनदा दाबायचं, दिवा चार वेळा लुकलुकतो. कुठलंही बटण दाबलं की ती जागी होते. खिशात चुकून असं दाबलं जाऊनही गाडी चावी ओळखेनाशी होते, हे लक्षात असू द्या.

जागा बदलूनही सेल संपला तर एखादं बटण आत दबून राहिलंय. चावीवरचा दिवा अंधारात आपोआप लुकलुकतो का ते बघा.

नातवाने गाडी नसताना चावीची बटणं दिवसभर दाबली. आता रिमोट चालत नाही.
– एक वाचक, मिरज

दर दाबण्याला चावीचा सांकेतिक क्रमांक पुढे सरकतो आणि तो न ऐकलेली गाडी जुन्याच क्रमांकावर मागे राहते. गाडीशेजारी उभं राहून लॉक दोनदा लागोपाठ दाबा. बहुतेक चाव्यांचा मेळ तेवढ्याने पुन्हा जमतो. नाही जमला तर चावीने इग्निशन चालू करून पुन्हा दाबा. त्यानेही नाही तर सेल मोजा. दिवसभर दाबल्याने तोच संपलेला असण्याची शक्यता जास्त.

जुनी गाडी घेतली, चावी एकच मिळाली. दुसरी ऑनलाइन मागवली, पण चावीवाल्याकडून ती नोंदवली जात नाही.
– एक वाचक, नागपूर

चार कारणं असू शकतात. जपान किंवा अमेरिकेच्या बाजारातली चावी बऱ्याचदा ३१५ मेगाहर्ट्झची असते, भारतातल्या बहुतेक गाड्या ४३३ ऐकतात. दिसायला दोन्ही एकच. दुसरं, आतली चिप वेगळ्या जातीची असेल. तिसरं, ती वापरलेली असेल. एकदा एका गाडीशी बांधलेली स्मार्ट चावी बऱ्याच कंपन्यांच्या बाबतीत दुसऱ्या गाडीला बांधता येत नाही. चौथं, नोंदणीला गाडीचा गुप्त पिन लागतो आणि चावीवाल्याकडे तो नसेल.

ती परत करा. शोरूममध्ये आरसी, तुमचं ओळखपत्र आणि हातातली चावी घेऊन जा. चासी क्रमांकावरून बरोबर चावी मागवून देतात. नोंदणीच्या वेळी सगळ्या चाव्या समोर हव्यात, कारण बऱ्याच गाड्यांत यादी नव्याने लिहिली जाते आणि घरी राहिलेली चावी त्यातून पुसली जाते. तुमच्या बाबतीत ते फायद्याचंच आहे: आधीच्या मालकाकडे तिसरी चावी असेल तर ती इंजिन चालू करू शकणार नाही. पात्याने दार मात्र उघडेल, तेवढं कुलूप वेगळं बदलावं लागेल. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. म्हणून विक्रेत्याकडून ‘चावी एकच दिली’ असं लेखी घ्या, आणि नव्या चावीचं बिल विम्याच्या कागदांत ठेवा.